बॅटऱ्यांची जोडणी

यंत्रात दोष उत्पन्न झाला की ते बंद पडते आणि बंद पडले की तो दोष आपल्या ध्यानात येतो, असा आपला सर्वसाधारण अनुभव आहे. बॅटऱ्यांच्या जोडणीस मात्र हा न्याय लागू पडत नाही. चार बॅटऱ्या चुकीच्या रीतीने एकमेकींस जोडल्या तरी दिवे लागतात, पंखे फिरतात, मुलांचा अभ्यास निर्वेध होतो आणि हे सर्व कित्येक महिने सुखेनैव चालते. दोष मात्र त्या काळ्या पेटीत आतल्या आत वाढत असतो. तो प्रकट होतो तेव्हा फुगलेल्या पेटीच्या, करपलेल्या वायरीच्या किंवा क्वचित् आगीच्या रूपाने होतो. यास्तव ‘चालते आहे, म्हणजे बरोबर आहे’ ही समजूत या विषयात फारच घातक होय. ती दूर करण्याचा प्रयत्न या लेखांकात करावयाचे आम्ही योजिले आहे.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील कुटुंबांस इन्व्हर्टरची ओळख करून द्यावी लागेल असे नाही. राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन २००५ साली महावितरण कंपनी अस्तित्वात आली, त्या सुमारास व पुढेही काही वर्षे भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्रास पुरते गांजले होते. दिवसाचे कित्येक तास वीज नसे. परीक्षेच्या दिवसांत कंदील पुन्हा माळ्यावरून खाली आले, आणि ज्यांस परवडले त्यांनी इन्व्हर्टर घेतले. एकत्र कुटुंबाच्या मोठ्या वाड्यांत तर थोरल्यांच्या सोप्यात एक, धाकट्यांच्या माडीवर दुसरा, अशी ही यंत्रे वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या दुकानांतून येत गेली.

आता प्रसंग बदलला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सूर्यघर योजना आरंभिली आणि पुष्कळांनी घराच्या गच्चीवर सौर तावदाने बसविली. त्यानंतर अनेकांस एक गोष्ट नव्यानेच कळली. बाहेरची वीज गेली की भर दुपारी बाराच्या उन्हातही ही तावदाने घरास वीज देईनाशी होतात. हा बिघाड नव्हे. खांबावर चढून दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या अंगावर आपल्या घरची वीज उलट जाऊ नये, म्हणून यंत्रात मुद्दाम केलेली ती योजना आहे. अर्थात् वीज गेल्यावरही सूर्याचा उपयोग व्हावयाचा तर बॅटऱ्या हव्यात, त्या चालविणारा तसा इन्व्हर्टर हवा, आणि बहुधा त्यास एका बॅटरीऐवजी चार लागतात. मग घरातील सुज्ञ मंडळी हिशेब करतात: थोरल्यांच्या दोन आहेत, धाकट्यांच्या दोन आहेत, चारही एकत्र जोडल्या म्हणजे नव्यांचा खर्च वाचला! अशा अर्थाची पृच्छा अलीकडे वाचकांकडून वारंवार होते. तिचे उत्तर प्रथमच स्पष्ट देतो: असे करू नये. कारणे पुढे क्रमाने सांगतो.

जोडण्याच्या रीती दोन आहेत. शाळेच्या पुस्तकांत त्यांस एकसर जोडणी व समांतर जोडणी म्हणतात. पायऱ्यांच्या विहिरीतून पाणी वर काढावयाचे आहे अशी कल्पना करा. दोन गडी एकाखाली एक उभे राहिले, खालच्याने घागर वरच्याच्या हाती दिली, तर पाणी दुप्पट उंच चढते. परंतु घागरी तेवढ्याच. ही एकसर जोडणी. एका बॅटरीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकास जोडले की १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचे २४ व चारींचे ४८ व्होल्ट होतात. साठा मात्र १५० अँपिअर-तासांचाच राहतो. उलट दोन्ही गडी एकाच पायरीवर शेजारी उभे राहून दोन घागरी भरू लागले, तर उंची तीच, पाणी दुप्पट. ही समांतर जोडणी: धनास धन, ऋणास ऋण, व्होल्ट १२च, परंतु साठा ३०० अँपिअर-तास. कोणत्याही रीतीने जोडा, एकंदर ऊर्जा सारखीच. १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तास यांचा गुणाकार १८०० वॉट-तास. चार बॅटऱ्यांचे ७२०० वॉट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत सव्वासात युनिटांस किंचित् कमी. शिशाच्या बॅटरीतून दर वेळी निम्म्याहून अधिक काढू नये हे पथ्य पाळले म्हणजे साडेतीन युनिटे हाताशी राहिली असे समजावे.

आता जुनी व नवी बॅटरी एकसर जोडली असता काय होते ते पाहू. एकसर मालिकेत प्रवाह सर्वांतून एकच वाहतो. जुनीची धारणशक्ती घटलेली असते; ती आधी रिकामी होते. नवीत जोर शिल्लक असतो व ती रिकाम्या झालेल्या जुनीतून प्रवाह तसाच रेटीत राहते. भरण्याच्या वेळी याच्या उलट प्रकार. जुनी आधी भरते, परंतु भरणाऱ्या यंत्रास दोघींची केवळ बेरीज दिसते. २४ व्होल्टच्या जोडीस २८.८ व्होल्ट पोहोचले की ते यंत्र समाधान पावते. वस्तुतः प्रत्येकीच्या वाट्यास १४.४ यावयास हवे. पण एकीवर १५.३ आणि दुसरीवर १३.५ असले तरीही बेरीज २८.८च येते! पहिली उकळून आटत आहे, दुसरी अर्धपोटी राहत आहे, आणि यंत्रावरचा हिरवा दिवा ‘सर्व ठीक’ म्हणून सांगत आहे. मोरोपंतांनी ज्या बारामतीत आपल्या सहस्रावधी आर्या रचिल्या, तेथील वाचकांस हे निराळे समजावून सांगावयास नको. चरणाच्या एकंदर मात्रा मोजून भरल्या, परंतु एका गणात एक मात्रा अधिक व पुढच्यात एक उणी पडली, तर बेरीज जुळूनही चाल मोडते. येथेही बेरीज पाहून भागत नाही. प्रत्येक घटक निराळा तपासावा लागतो.

समांतर जोडणीतील धोका याहून उग्र आहे. पूर्ण भरलेली बॅटरी विसावल्यावर सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते. बरीचशी उतरलेली १२ दाखविते. अंतर दिसावयास अवघे ०.७ व्होल्ट. परंतु बॅटरीचा अंतर्गत रोध अतिशय अल्प असतो. दोघी बॅटऱ्या व जोडवायर मिळून तो एका ओहमचा शंभरावा हिस्सा धरला, तर जोडल्या क्षणी एकीतून दुसरीत ७० अँपिअरचा लोंढा वाहील. सबब समांतर जोडण्यापूर्वी प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे पूर्ण भरून, काही तास विसावा देऊन, मल्टिमीटरने मोजून मगच जोडावी. शिवाय एखादीतील सहा घटांपैकी एक घट आतून निकामी झाला की तिचा दाब दोन व्होल्टांनी खाली जातो, आणि शेजारच्या निरोगी बॅटऱ्या आपला साठा तिच्यात ओतू लागतात. घरातील सर्व माणसे झोपलेली, बाहेरची वीज चालू, दिवे बंद, आणि तरीही त्या कोपऱ्यात एक पेटी तापत आहे, असा प्रसंग येतो तो असा.

यावरून पहिला नियम निघतो: जोडावयाच्या सर्व बॅटऱ्या एकाच प्रकारच्या, एकाच धारणेच्या, एकाच कंपनीच्या व एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. एकत्र कुटुंबात सत्तरीचे आजोबा आणि सात वर्षांचा नातू सुखाने नांदतात, कारण तेथे प्रत्येकाच्या शक्तीप्रमाणे काम वाटून देणारे कोणी वडीलधारे असते. बॅटऱ्यांच्या मालेत असे वडीलधारे कोणी नसते. काम सर्वांस सारखे आणि शक्ती निरनिराळी, तेथे दुर्बळाचा बळी जावयाचाच. जुन्या बॅटऱ्या चांगल्या असतील तर त्यांचा निराळा इन्व्हर्टर तसाच ठेवून त्यावर दोन खोल्यांचे दिवे चालवावेत. काटकसर साधावयाची ती अशी.

दुसरा नियम वाटेच्या समतेचा. चार बॅटऱ्या समांतर जोडून दोन्ही मुख्य वायरी पहिल्याच बॅटरीवरून घेतल्या, तर पहिलीस सर्वांत जवळची वाट मिळते व चौथीस सर्वांत लांबची. वायरीचा रोध तो कितीसा, असे कोणी म्हणेल. परंतु बॅटरीचा स्वतःचा रोधही तितकाच अल्प असल्यामुळे हा फरक येथे मोठा ठरतो. पहिली रोज अधिक राबते व लवकर झिजते. उपाय सोपा आहे व त्यास दमडीही लागत नाही. धन वायर पहिल्या बॅटरीवरून घ्यावी आणि ऋण वायर शेवटच्या बॅटरीवरून, म्हणजे प्रत्येकीची वाट जवळजवळ सारखी होते. मधल्या जोडवायरीही एकाच लांबीच्या व एकाच जाडीच्या असाव्यात. शक्य तो समांतर फांद्या कमी ठेवून एकसर जोडणीने दाब वाढवावा, हे अधिक चांगले. ८०० वॉटांच्या भारास १२ व्होल्टवर सुमारे ६७ अँपिअर लागतात, ४८ व्होल्टवर अवघे १७. प्रवाह चौथाई झाला की त्याच वायरीत उष्णता सोळाव्या हिश्शावर येते, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

हाच वर्गाचा नियम सैल जोडाच्या बाबतीत आपल्यावर उलटतो. वायरीच्या टोकाचा लग नीट दाबून बसविला नाही, किंवा त्याखाली पांढरी-हिरवी बुरशी साचली, आणि त्या जोडाचा रोध ओहमचा केवळ शंभरावा हिस्सा झाला, असे समजा. त्यातून १०० अँपिअर वाहू लागले की त्या बोटभर जागेत १०० वॉट उष्णता उत्पन्न होते. म्हणजे पूर्वी आपल्या ओसरीवर जो शंभराचा दिवा असे, तो जणू त्या नटाखाली जळत असतो. यास्तव लग दाबयंत्राने बसविलेले असावेत, पक्कडीने चेपलेले नसावेत. नट पान्याने आवळावेत, टोके स्वच्छ करून त्यांस व्हॅसलीन लावावे.

तिसरा नियम फ्यूजचा. घरातल्या विजेच्या फलकावर फ्यूज किंवा एमसीबी असतो, म्हणून बॅटरीच्या बाजूस त्याची गरज नाही असे पुष्कळजण मानतात. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे. कोरड्या हातास तो जाणवतही नाही. परंतु झटका न देणारी वीज जाळीत नाही, असे थोडेच आहे? १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीची दोन टोके लोखंडी पान्याने चुकून सांधली गेली तर क्षणात हजारांनी अँपिअर वाहतात व पाना लाल होतो. म्हणून प्रत्येक समांतर फांदीस तिचा स्वतःचा फ्यूज, धन टोकाच्या शक्य तितका जवळ असावा. तो आपल्या नेहमीच्या भारास पुरून उरेल इतका, परंतु वायरीच्या सहनशक्तीहून कमी अँपिअरचा निवडावा. शिवाय सर्व मालेस एक मुख्य स्विच हवा. येथे आणखी एक सावधगिरी. घरातील पर्यायी प्रवाह सेकंदास शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडणारी ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा प्रवाह एकमार्गी. तो शून्यावर येतच नाही आणि ठिणगी लांबत राहते. तेव्हा घरच्या फलकावरचा साधा एमसीबी काढून बॅटरीस लावू नये; एकमार्गी प्रवाहासाठी, म्हणजे डीसीसाठी, मुद्दाम बनविलेलाच घ्यावा.

भगिनीवर्गास व तरुणांस एक विनंती. बॅटरीजवळ काम करताना हातातील बांगड्या, पाटल्या, अंगठी, घड्याळ व गळ्यातील साखळी काढून ठेवावी. मंगळसूत्र काढावयाचे नसेल तर ते पदराआड नीट खोचून मगच वाकावे, आणि खरे म्हणजे ते काम दुसऱ्यावर सोपवावे. सोने-चांदी विजेस उत्तम वाट देतात, आणि दोन टोकांमध्ये सापडलेली अंगठी बोटातून काढण्यास वेळ मिळत नाही. पान्याच्या मुठीस चिकटपट्टी गुंडाळावी. वायर सोडविण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा, आणि सोडविलेले प्रत्येक टोक लागलीच पट्टीने झाकावे.

चौथा नियम जागेचा. पाण्याची बॅटरी भरत आली की तीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. एका बॅटरीचा वायू मोकळ्या सोप्यात विरून जातो. चार बॅटऱ्या जिन्याखालच्या बंद कपाटात कोंडल्या की गोष्ट निराळी. हा वायू हवेहून फार हलका असल्यामुळे छताखाली साचतो. म्हणून झरोका वरच्या अंगास असावा, व खालूनही हवा येण्यास वाट असावी. देवघराच्या भिंतीआड, जेथे नंदादीप अखंड तेवतो, किंवा स्वयंपाकघरात शेगडीजवळ बॅटऱ्या ठेवू नयेत. वृद्ध माणसे निजतात त्या पलंगाखालीही नकोत. आपल्याकडे उन्हाळा कडक. इंदापूरकडे वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे जातो. २५ अंशांवर दर १० अंशांस शिशाच्या बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा ठोकताळा आहे. तेव्हा पत्र्याच्या खोलीपेक्षा तळमजल्याची सावलीची, वारा खेळणारी जागा उत्तम. पाणी घालावयाचे ते बाटलीबंद डिस्टिल्डच. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी क्षारांमुळे बॅटरीस विषवत् होय. ते भरणी पूर्ण झाल्यावर खुणेपर्यंतच घालावे. अंगावर आम्ल उडाल्यास जागा वाहत्या पाण्याने पुष्कळ वेळ धुवावी, आणि डोळ्यांत गेल्यास धुऊन तत्काळ वैद्यांकडे जावे.

अलीकडे लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आहेत. बारामतीस कारखाना असलेल्या पियाजिओ कंपनीने डिसेंबर २०१९ मध्ये विजेवर चालणारी तीनचाकी आपे गाडी बाजारात आणली. तीत बसते ती याच जातीची बॅटरी. शिशाची बॅटरी फ्रान्समध्ये प्लांटे यांनी १८५९ साली शोधिली. तिच्यापुढे ही कालची पोर. घराच्या ४८ व्होल्टच्या लिथियम पेटीत बहुधा ३.२ व्होल्टचे १६ घट एकसर असतात, त्यांची बेरीज ५१.२ व्होल्ट. मघा आपण म्हटले की मालेत वडीलधारे कोणी नसते. या पेटीत मात्र ते असते. आतील एक इलेक्ट्रॉनिक रक्षक प्रत्येक घटाचा दाब निराळा मोजतो, कोणी मर्यादा ओलांडली की माला तोडतो. पण हा रक्षक आपल्या पेटीपुरताच जबाबदार. म्हणून लिथियमची पेटी शिशाच्या बॅटरीस समांतर जोडू नये. दोघींची भरण्याची रीत भिन्न आहे. दोन लिथियम पेट्या एकत्र करावयाच्या तर कंपनीच्या पत्रकात तशी अनुमती आहे की नाही व किती पेट्यांपर्यंत आहे, हे वाचून, आणि दोन्ही आधी स्वतंत्र भरून घेऊनच करावयाच्या.

हे सर्व काम जाणत्या मिस्त्रीकडून करवून घ्यावे हे उघड आहे. परंतु मिस्त्री दोन तासांत निघून जातो; बॅटऱ्यांबरोबर पाच-सहा वर्षे राहावयाचे ते आपणांस. म्हणून त्यास निघण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: सर्व बॅटऱ्या एकाच जातीच्या व वयाच्या आहेत ना? मुख्य वायरी दोन विरुद्ध टोकांवरून घेतल्या ना? प्रत्येक फांदीस फ्यूज आहे ना? स्विच डीसीचा आहे ना? यांतील एकाचेही उत्तर ‘चालतंय की’ असे आले, तर काम अपुरे आहे असे समजावे व पैसे थोडे अडकवून ठेवावेत.

पुढची जबाबदारी घरातील एका माणसाने घ्यावी. नववी-दहावीतील मुलामुलींस हे काम वडिलांच्या देखरेखीखाली शिकविण्याजोगे आहे. महिन्यातून एकदा, भरणी बंद करून व बॅटऱ्यांस काही तास विसावा देऊन प्रत्येकीचे व्होल्ट वेगळे मोजावे व वहीत तारीख घालून लिहावे. चारींचे आकडे सारखे असतील तर चिंता नाही. एखादी बाकीच्यांपेक्षा ०.२ व्होल्टने खाली दिसू लागली, किंवा तिलाच वरचेवर पाणी लागू लागले, किंवा तिची पेटी शेजारणींपेक्षा ऊन लागली, तर दिवे उत्तम चालत असले तरी मुख्य स्विच बंद करून मिस्त्रीस बोलवावे. फ्यूज एकदम येणारा लोंढा अडवितो. हळूहळू शिजणारा दोष त्यास दिसत नाही. तो फक्त या वहीत दिसतो.

निकामी बॅटरी भंगारवाल्यास फोडावयास देऊ नये. शिसे हे विशेषतः लहान मुलांच्या मेंदूस अपाय करणारे विष आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे विकलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याचे दायित्व उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदारास द्यावी, तिची किंमतही वजा होऊन मिळते.

जोडणीचे चित्र एका कागदावर काढून, कोणती वायर कोठे जाते, फ्यूज किती अँपिअरचा व बॅटऱ्या कोणत्या महिन्यात घेतल्या हे लिहून, मुख्य स्विचशेजारी भिंतीस लावून ठेवावे. रात्री-अपरात्री जळका वास आला आणि घरात कर्ते माणूस नसले, तर कोणता स्विच खाली ओढावयाचा हे आजींस आणि सुनांस, सर्वांस ठाऊक असले पाहिजे. जेवणानंतर सर्व मंडळी एकत्र असतात तेव्हा एकदा तो स्विच प्रत्येकाच्या हाताने बंद व चालू करवून घ्यावा. यास पाच मिनिटांहून अधिक लागत नाहीत.